फ्रीझर कोणाचा आणि जागा कोणाची : आइसक्रीमच्या व्यापारातील अनन्य पुरवठा करार

गोठवलेल्या खाद्यपदार्थांचा व्यापार इतर किराणा मालाच्या व्यापाराहून एका बाबतीत मुळातच निराळा आहे. साबण, बिस्किटे किंवा काड्यापेट्या यांच्या कारखानदाराला दुकानातील फळीचा हातभर तुकडा मिळाला की त्याचे काम भागते. ती फळी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. आइसक्रीमचे तसे नाही. कारखान्यापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत ते उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते, आणि वाटेत कोठेही ही थंडी तुटली तर माल फुकट जातो. ज्या दुकानात फ्रीझर नाही तेथे आइसक्रीमला फळीच नाही, असे म्हणावयास हरकत नाही. फ्रीझर मात्र महाग, वीज खाणारा, जागा अडविणारा आणि दुरुस्तीला येणारा. लहान दुकानदाराला तो पदरमोड करून घेणे जड जाते. या अडचणीतून एक व्यापारी प्रथा जन्मास आली. कारखानदाराने फ्रीझर पुरवावा, त्याची देखभाल करावी, भाडे घेऊ नये किंवा नाममात्र घ्यावे. आणि दुकानदाराने त्याबदली एवढेच मान्य करावे की, या फ्रीझरमध्ये दुसऱ्या कोणाचा माल ठेवला जाणार नाही.

ज्याची पेटी त्याचाच माल, यात वावगे ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु याच एका कलमावरून आयर्लंडमध्ये १९९० साली सुरू झालेला वाद २००६ पर्यंत चालला, आणि त्याच्या ओघात युरोपीय स्पर्धाविषयक कायद्यातील काही मूलभूत प्रश्नांचा निकाल लागला.

वादातील एक पक्ष म्हणजे एच. बी. आइसक्रीम ही युनिलिव्हरच्या मालकीची कंपनी. तिचेच नाव पुढे व्हॅन डेन बर्ग फूड्स असे झाले. एकेका वेष्टनात बांधलेले, विकत घेऊन जागच्या जागी खाण्याचे जे आइसक्रीम असते, त्याच्या आयर्लंडमधील बाजारपेठेचा ७५ टक्क्यांहून अधिक हिस्सा तिच्याकडे होता. दुसरा पक्ष म्हणजे मास्टरफूड्स, ही चॉकलेटच्या व्यापारात मुरलेल्या मार्स या अमेरिकन कंपनीची शाखा. १९८९ मध्ये तिने आयर्लंडच्या आइसक्रीम व्यापारात प्रवेश केला. तिच्या मालाचे प्रकार मोजकेच होते, पण मार्स हे नाव लोकांच्या ओळखीचे असल्यामुळे मागणी आली आणि दुकानदारांनी तो माल हाताशी असलेल्या फ्रीझरमध्ये, म्हणजे बहुधा एच. बी.च्या फ्रीझरमध्ये, ठेवण्यास आरंभ केला. एच. बी.ने कराराचे कलम दाखवून तो बाहेर काढावयास लावला. मार्च १९९० मध्ये दोन्ही पक्ष डब्लिनच्या उच्च न्यायालयात गेले. हे कलम अवैध ठरवावे, ही मास्टरफूड्सची मागणी होती. मास्टरफूड्सने दुकानदारांना करारभंगास प्रवृत्त करू नये असा मनाई हुकूम द्यावा, ही एच. बी.ची.

२८ मे १९९२ रोजी न्यायमूर्ती कीन यांनी एच. बी.च्या बाजूने निकाल दिला व कायमचा मनाई हुकूम मंजूर केला. या निकालाच्या बाजूने पुष्कळ बोलण्यासारखे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. करारात दुकानदाराला दुसऱ्याचा माल विकण्यास बंदी नव्हती. त्याने हवा तर स्वतःचा फ्रीझर घ्यावा, हवा तर मास्टरफूड्सचा ठेवावा, किंबहुना एच. बी.चा करारही अल्प मुदतीची सूचना देऊन संपविण्याची त्याला मोकळीक होती. बंदी होती ती एका वस्तूच्या वापरावर, आणि ती वस्तू निर्विवादपणे एच. बी.च्या मालकीची होती. स्वतःच्या खर्चाने घेतलेल्या पेटीत प्रतिस्पर्ध्याने आपला माल फुकट ठेवावा, हा कोणता न्याय?

मास्टरफूड्सने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. युरोपीय आयोगाकडेही तिने सप्टेंबर १९९१ मध्येच तक्रार नोंदविली होती. आयोगाने मात्र कराराकडे पाहण्याऐवजी दुकानाकडे पाहिले, आणि सर्व वादाचे मर्म येथेच आहे. आयर्लंडमधील नाक्यावरचे दुकान म्हणजे वर्तमानपत्रे, सिगारेट, गोळ्या, दूध आणि आइसक्रीम एकाच खोलीत विकणारे दुकान. त्यात दुसऱ्या फ्रीझरला जागा बहुधा नसते; असली तरी त्या जागेवर दुसरा कोणता माल ठेवल्यास अधिक नफा होईल, याचा हिशेब दुकानदार करतोच. नव्या कंपनीचे दोनचार प्रकार विकता यावेत म्हणून तो स्वतंत्र फ्रीझर घेत नाही. जुना फ्रीझर परत पाठवून नवा घेणे तर त्याहून कठीण, कारण त्याबरोबर खपाचा तीनचतुर्थांश माल थंड ठेवण्याची सोय निघून जाते. संबंधित बाजारातील सुमारे ४० टक्के दुकानांत एच. बी.च्या फ्रीझरखेरीज दुसरा फ्रीझर नव्हता. अशा दुकानात ‘या फ्रीझरमध्ये दुसऱ्याचा माल नको’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ ‘या दुकानात दुसऱ्याचा माल नको’ असाच होतो. वाच्यार्थाने बंधन पेटीवर आहे, परिणामाने ते दुकानावर पडते.

हा दृष्टिकोन आयोगाने नव्याने शोधून काढला होता असे नाही. २८ फेब्रुवारी १९९१ रोजी युरोपीय न्यायालयाने डेलिमिटिस खटल्यात त्याची चौकट घालून दिली होती. तो खटला फ्रँकफुर्टमधील एका मद्यगृहाने बिअरच्या कारखान्याशी केलेल्या कराराविषयी होता. एका मद्यगृहाच्या कराराने बाजारपेठेचे काहीच बिघडत नाही. पण तशाच करारांचे जाळे देशभर पसरले असेल तर नव्या कारखान्याला शिरकाव करण्यास वास्तविक व ठोस संधी उरते की नाही, हे प्रथम पाहावे. ती उरत नसेल, तर त्या कोंडीत या विशिष्ट कारखान्याच्या करारांचा वाटा लक्षणीय आहे की नाही, हे नंतर पाहावे. म्हणजे कराराची वैधता त्याच्या शब्दांवरून नव्हे, तर तो ज्या आर्थिक परिस्थितीत उच्चारला जातो तिच्यावरून ठरवावयाची. संस्कृत वैयाकरणांना व मीमांसकांना हा विचार अपरिचित वाटला नसता. जेवायला बसलेला मनुष्य ‘सैंधव आण’ म्हणाला तर मीठ आणावे आणि प्रवासास निघालेला म्हणाला तर घोडा, हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. शब्द तोच, प्रकरण वेगळे. फ्रीझरचे हेच कलम दहा फ्रीझर मावतील अशा मोठ्या भांडारात निरुपद्रवी ठरेल आणि नाक्यावरच्या खोलीत बाजाराचे दार लावून घेईल.

जर्मनीतील प्रकरणे याहून सोपी होती. लांगनेजे-इग्लो आणि शोलर या दोन कंपन्यांनी दुकानदारांकडून संपूर्ण दुकानापुरतेच वचन घेतले होते की, आइसक्रीम आमचेच घेऊ. दोघींच्या करारांनी मिळून संबंधित बाजाराचा ३० टक्क्यांहून अधिक भाग बांधला गेला होता. मार्सच्याच तक्रारीवरून आयोगाने २३ डिसेंबर १९९२ रोजी ते करार अवैध ठरविले, व ८ जून १९९५ रोजी युरोपीय प्रथमस्तर न्यायालयाने तो निर्णय बहुतांशी उचलून धरला. पुढेही काही वर्षे असे करार करू नयेत ही आयोगाची आज्ञा तेवढी रद्द झाली; जी मोकळीक प्रतिस्पर्ध्यांना आहे ती या कंपन्यांना आगाऊ नाकारता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. येथे बंधन उघड शब्दांत लिहिलेले असल्यामुळे अर्थ लावण्याचा प्रश्न फारसा नव्हता.

आयर्लंडच्या बाबतीत आयोगाचेही एकदा मन द्विधा झाले होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. एच. बी. फ्रीझरचा खर्च आइसक्रीमच्या भावातच धरीत असे. त्यामुळे ज्याचा स्वतःचा फ्रीझर आहे तो दुकानदारही त्याच भावाने माल घेऊन दुसऱ्यांच्या फ्रीझरची किंमत चुकती करी. ‘विनामूल्य’ या शब्दाची ही दुसरी बाजू होय. आयोगाने आक्षेप नोंदविल्यावर १९९५ मध्ये कंपनीने स्वतःचा फ्रीझर असणाऱ्यास काही सूट देऊ केली आणि हप्त्याने फ्रीझर विकत देण्याची योजना पुढे मांडली. आयोगाने ऑगस्ट १९९५ मध्ये या बदलांविषयी अनुकूल मत प्रसिद्धही केले. परंतु दुकानांतील चित्र अपेक्षेप्रमाणे पालटले नाही. फुकट मिळणारी वस्तू हप्त्याने विकत कोण घेणार? ११ मार्च १९९८ रोजी आयोगाने अंतिम निर्णय दिला : ज्या दुकानांत एच. बी.चाच फ्रीझर आहे आणि दुसरा नाही, तेथे हे कलम स्पर्धेस बाधक करारांना मनाई करणाऱ्या तरतुदीचा भंग करते; शिवाय अशा अटीवर फ्रीझर देऊ करणे हा प्रभुत्वाचाही दुरुपयोग आहे.

आता एकाच कलमाविषयी दोन परस्परविरुद्ध निर्णय उभे राहिले. डब्लिनच्या उच्च न्यायालयाचा मनाई हुकूम कायम होता आणि ब्रुसेल्सचा आयोग ते कलम अवैध म्हणत होता. दुकानदाराने कोणाचे ऐकावे? आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठविला. १४ डिसेंबर २००० रोजी उत्तर आले की, आयोगाच्या निर्णयाशी विसंगत असा निकाल राष्ट्रीय न्यायालयाने देऊ नये, मग तो आयोगाचा निर्णय खालच्या राष्ट्रीय न्यायालयाच्या पूर्वीच्या निकालाशी विरुद्ध का असेना. आयोगाच्या निर्णयाची वैधता युरोपीय न्यायालयांपुढे प्रलंबित असेल तर सामान्यतः कामकाज थांबवावे. हे तत्त्व पुढे २००३ च्या विनियमात लेखी आले. आइसक्रीमच्या भांडणातून न्यायसंस्थांच्या अधिकारांची सीमारेषा ठरली, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

मूळ प्रश्नाचा निकाल प्रथमस्तर न्यायालयाने २३ ऑक्टोबर २००३ रोजी दिला व तो आयोगाच्या बाजूने लागला. एच. बी.चा बळकट मुद्दा मालमत्तेच्या हक्काचा होता. न्यायालयाने तो हक्क नाकारला नाही. परंतु प्रभुत्व असलेल्या कंपनीने आपल्या मालमत्तेचा उपयोग कोणत्या अटींवर करावा, यावर सार्वजनिक हितार्थ मर्यादा येऊ शकते, आणि फ्रीझर भाड्याने देऊन मोबदला घेण्यास कंपनीला कोणी अडविलेले नाही, असे तिला सुनावले. करार केव्हाही संपविता येतो, या मुद्द्यावर न्यायालयाचे उत्तर अधिक मार्मिक आहे. जो अधिकार सहसा कोणी वापरीत नाही, तो असूनही कराराचा परिणाम चालूच राहतो. कलम काढले तर फ्रीझर देणेच परवडणार नाही, हे म्हणणेही टिकले नाही. दुकानात आपला माल दिसावा ही कारखानदाराची स्वतःचीच गरज असते. कंपनीचे अपील २८ सप्टेंबर २००६ रोजी फेटाळले गेले.

हा निकाल सर्वमान्य होता असे समजू नये. ब्रिटनमध्ये मक्तेदारी व विलीनीकरण आयोगाने १९९४ मध्ये याच प्रथेची तपासणी करून ती लोकहितास बाधक नाही असे म्हटले होते, आणि त्याच्या जागी आलेल्या स्पर्धा आयोगाने २००० मध्ये ती बाधक आहे असे म्हटले. फुकट फ्रीझर बंद झाले तर सर्वांत लहान दुकानदाराच्या हातून आइसक्रीमचा व्यापारच जाईल, ही भीती अगदीच निराधार नव्हती. तरीही निकालातील विचारसरणी अधिक सयुक्तिक वाटते ती अशासाठी की, तिने फ्रीझर देण्यास बंदी केली नाही. एका मोठ्या कंपनीच्या, एकुलता एक फ्रीझर असलेल्या दुकानातील अटीपुरताच तिचा रोख होता.

भारतात हा विषय २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाखाली येतो. त्यातील संबंधित तरतुदी २० मे २००९ पासून अंमलात आल्या. तेथील शब्दयोजनेत एक गोम होती. युरोपीय परिभाषेत ‘अनन्य पुरवठा’ म्हणजे विक्रेत्याने एकाच ग्राहकास माल देणे, आणि ग्राहकाने एकाच विक्रेत्याकडून घेणे म्हणजे ‘अनन्य खरेदी’. भारतीय अधिनियमाने मात्र ‘अनन्य पुरवठा करारा’ची व्याख्या ग्राहकावरील बंधन अशी केली होती. नाव विक्रेत्याच्या क्रियेचे, बंधन खरेदीदाराचे! २०२३ च्या दुरुस्तीने हे नाव बदलून ‘अनन्य व्यवहार करार’ केले आणि खरेदीदार व विक्रेता या दोघांवरील बंधनांचा त्यात समावेश केला. परंतु नाव कोणतेही असो, असा करार आपोआप अवैध ठरत नाही. स्पर्धेवर त्याचा लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो, किंवा होण्याचा संभव आहे, असे दिसावे लागते. पुणे-मुंबईकडील वाण्याच्या दुकानात पायरीलगत उभा असलेला, कंपनीच्या नावाने रंगविलेला फ्रीझर या दृष्टीने पाहू गेल्यास प्रथम करार मागण्यापेक्षा दुकानाची लांबीरुंदी, विजेचे बिल आणि त्या गल्लीतील इतर दुकानांत कोणाचे फ्रीझर आहेत, हे विचारावे लागेल. अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमात परिणाम मोजण्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत, त्यांत पहिली कसोटी नव्याने बाजारात येणाऱ्यापुढे अडथळे निर्माण होतात का, हीच आहे.