केटलबेलचा झोका : हातांचा नव्हे, खुब्यांचा

दिवसभर काउंटरवर अथवा संगणकासमोर बसणाऱ्यांची पाठ सायंकाळी आखडते, हा आपणा बहुतेकांचा अनुभव आहे. व्यायामशाळेस जाण्याइतका वेळ नसल्याने मीही रायपूरच्या घरी केटलबेल आणली. कडी असलेला हा लोखंडी गोळा मूळचा रशियातील, धान्य तोलण्याच्या वजनांतून आलेला. तेथील ‘पूद’ हे माप सुमारे १६ किलोचे. म्हणूनच १६, २४, ३२ किलो असे आकडे आजही आढळतात.

विदर्भाशी नाते असलेल्या मराठी कुटुंबांना मुद्गल परिचित आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून व्यायामाचा प्रसार करीत आले आहे. मात्र मुद्गल खांद्याभोवती फिरतो, तर केटलबेलचा झोका खुब्याच्या सांध्यातून निघतो. हा भेद न जाणता मी पाठ वाकवून गोळा हातांनी ओढला आणि आठवडाभर खुर्चीत उशी घेऊन बसलो.

घरी वस्ताद नसतो. त्याचे काम भिंत करते. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहावे. गुडघे किंचित सैल व पाठ सरळ ठेवून नितंब मागे नेत भिंतीस टेकवावेत. ही बैठक नव्हे. गुडघे फारसे वाकत नाहीत. हे सहज जमल्यावरच वजन घ्यावे. नवख्या पुरुषांना १२ ते १६, महिलांना ८ ते १२ किलो साधारणतः पुरे.

गोळा पावलांपुढे फूटभर अंतरावर ठेवावा. तो मांड्यांमधून, गुडघ्यांच्या वरूनच, मागे न्यावा. मग नितंब आवळून झटक्याने ताठ उभे राहावे व श्वास सोडावा. त्या धक्क्याने गोळा आपोआप छातीपर्यंत येतो. हात केवळ दोर! वर मागे रेलू नये. परतताना हात पोटाजवळ येईपर्यंत वाकण्याची घाई करू नये. बहुतेकांचे इथेच चुकते.

दहा-दहा झोके, मध्ये विश्रांती. रायपूरच्या मे महिन्यात घामाने कडी निसटते, तेव्हा पहाटेची वेळ बरी. पाठीचा विकार वा रक्तदाब असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. आणि शेवटचा झोका झाल्यावर गोळा ठेवतानाही पाठ सरळच असावी.