चूक दोघांची, दावा तिसऱ्याचा

भरपाई मोजण्याच्या गुणकाचं कोष्टक आज द्यायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या शनिवारी. सांगलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय आणि ते थांबवून ठेवण्यासारखं नाही.

रात्री साडेदहाची वेळ, चौकात पिवळा दिवा लुकलुकत होता. ताईंचा भाऊ स्कूटर चालवत होता, मागे ताईंचे यजमान. भाऊ न थांबता सरळ निघाला आणि उजवीकडून भरधाव टेम्पो आला. भावाला खरचटण्यावर निभावलं, यजमानांच्या मांडीचं हाड मोडलं. पायात रॉड आहे आणि चार महिने काम बंद. टेम्पोच्या विमा कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला, ‘चूक दोन्ही गाड्यांची आहे, आमच्याकडून निम्मेच मिळतील.’ ताई विचारतात, ‘उरलेल्या निम्म्यासाठी सख्ख्या भावावर दावा लावू का?’

ताई, लावायची गरज नाही.

भावाची चूक नाही असं मात्र मी म्हणणार नाही. लुकलुकता पिवळा म्हणजे वेग कमी करा, जपून जा. त्या दिव्याने कुणालाच आधी जायचा हक्क मिळत नाही. दोन्ही रस्ते सारख्याच दर्जाचे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, म्हणजे इथे भावाने थांबायला हवं होतं. पण चौक जवळ आला की वेग कमी करणं टेम्पोवाल्यालाही बंधनकारक होतं. न्यायाधिकरण समजा 60 टक्के चूक टेम्पोची आणि 40 टक्के स्कूटरची धरेल.

आता भरपाई दहा लाख ठरली असं धरा. जखमी भाऊ असता तर त्याला टेम्पोकडून सहाच लाख मिळाले असते, कारण अपघातात त्याचाही हात होता. याला आम्ही कोर्टात कॉन्ट्रिब्युटरी म्हणतो. मागे बसलेल्या माणसाच्या हातात हँडलही नव्हतं आणि ब्रेकही नव्हता. त्याच्या बाजूने पाहिलं तर दोन चालकांनी मिळून त्याला जखमी केलं. ही कॉम्पोझिट निष्काळजी. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्वच्छ मांडला. पुढे 2015 मध्ये, खेन्येई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या निवाड्यात, असा जखमी दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. त्याच्या भरपाईतून दुसऱ्या गाडीचा वाटा कापता येत नाही. तुमच्या वकिलांना हे नाव लिहून द्या.

दहा लाख भरणाऱ्या टेम्पोच्या बाजूला चार लाखांसाठी स्कूटरवाल्याच्या मागे जाता येतं, हेही तुम्हाला सांगायला हवं. पण तो त्यांचा आपसातला हिशेब. तो होईपर्यंत तुमच्या यजमानांचे पैसे अडकत नाहीत.

या एका मुद्द्यावर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. बऱ्याच स्कूटरांवर फक्त कायद्याने सक्तीची थर्ड पार्टी पॉलिसी असते, आणि तिच्यात मागे फुकट बसलेला माणूस येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच ते ठरवलंय. म्हणजे 40 टक्के कापून ‘ते स्कूटरकडून घ्या’ म्हटलं, की ते भावाच्या खिशातूनच यायचे. तडजोडीच्या कागदावर निम्म्या रकमेला सह्या करून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. टक्केवारी ऐकली की त्यांना आपलीच चूक निघाल्यासारखं वाटतं.

विमा कंपनीच्या त्याच माणसाने हेल्मेटचाही मुद्दा काढला म्हणे. यजमानांच्या डोक्यावर ते नव्हतं, हे खरं. पण मोडली ती मांडी! 2020 मधलं प्रकरण पाहा. मोटरसायकलवर तिघे, मागून कारने धडक दिली, तिघांतला एक गेला. ट्रिपल सीट होते म्हणून उच्च न्यायालयाने 10 टक्के कापले, सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. नियम मोडला एवढ्याने भागत नाही, त्या मोडण्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावं लागतं.

तेव्हा अर्ज टेम्पोचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर करा. भावाला साक्षीदार म्हणून उभं करा. टेम्पोचा वेग त्याच्याइतका जवळून कुणी पाहिला? स्पॉट पंचनाम्याची नक्कल आधी काढा. काचा कुठे पडल्या, ब्रेकच्या खुणा किती लांब आहेत आणि मुळात आहेत का, हे त्यातच मिळेल. खुणाच नसतील तर टेम्पोवाल्याने ब्रेक लावला होता का, हे उलटतपासणीत विचारायला हवं.

आणि गुणकासाठी थांबू नका. कलम 166(3) मध्ये अर्जाला अपघातापासून सहा महिने दिले आहेत, तुमचे चार गेले. कोष्टक शनिवारी येईलच, वकिलांकडे सोमवारी जा.