खर्जाचे गणित : कमी खर्चात घरचा सबवूफर

कुंभकोणमला खर्जाची ओळख करून द्यावी लागत नाही. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधे वसलेल्या या गावात देवाची मिरवणूक निघाली की नागस्वरम या सनईसारख्या वाद्याच्या जोडीला तविल हा ढोल वाजतो, आणि त्याचा ठोका कानाआधी छातीला कळतो. नागस्वरम घडवणारे नरसिंगमपेट्टै गाव इथून जवळच आहे. तविलचे खोड फणसाच्या लाकडाचे. मराठी माणसालाही हे गाव परके नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म 1828 साली इथेच एका मराठी घरात झाला. तंजावरच्या भोसल्यांच्या काळात आलेली मराठी घराणी या परिसरात अजून आहेत. त्यांच्या कीर्तनाने तमिळ हरिकथेला वळण दिले, आणि नारायणस्वामी अप्पांसारख्या मराठी मृदंगवादकाचे नाव तंजावरच्या मृदंगपरंपरेत आदराने घेतले जाते.

अशा गावातल्या घरात टीव्हीवर कचेरी, म्हणजे कर्नाटक संगीताची मैफल, लावली की मृदंगाचा उजवा हात नीट ऐकू येतो, पण डावा हात नाहीसा होतो. सिनेमातला गडगडाट टिनाच्या डब्यासारखा वाजतो. भिंतीवरचे टीव्ही जितके सडपातळ झाले तितका त्यांचा आवाजही. बाजारातला चांगला सबवूफर मध्यमवर्गीय घराला परवडत नाही, आणि परवडणारा बहुतेक वेळा एकाच सुरात ढबढबतो. तिसरा मार्ग आहे तो स्वतः बांधण्याचा. हा मार्ग स्वस्त आहे, पण त्यासाठी थोडे गणित मनापासून करावे लागते. पैशाने जे मिळत नाही ते या कामात मोजपट्टीने मिळते, हेच या लेखात सांगायचे आहे.

छोट्या स्पीकरला खर्ज का जमत नाही

माणसाचा कान साधारण 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. ध्वनी म्हणजे हवेची ढकलाढकल. स्वर जितका खालचा तितकी जास्त हवा ढकलावी लागते. तोच कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, 80 ऐवजी 40 हर्ट्झला तितक्याच जोराने वाजवायचा असेल तर त्याला चौपट अंतर पुढेमागे हलावे लागते. 20 हर्ट्झला सोळापट. टीव्हीतल्या इवल्या स्पीकरमध्ये इतका हलायला जागाच नसते. म्हणून मोठा कोन लागतो. दहा इंची ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीत बसवायच्या मूळ स्पीकरच्या, कोनाचे क्षेत्रफळ साधारण 340 चौरस सेंटिमीटर भरते, आठ इंचीचे सव्वादोनशेच्या आत.

सिनेमावाल्यांना ही अडचण फार पूर्वी कळली. 1974 साली ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी अमेरिकेतल्या थिएटरांत प्रचंड आकाराचे खर्जाचे स्पीकर खास बसवले होते. 1992 साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर डॉल्बी डिजिटल आले, आणि त्यात खर्जाला स्वतंत्र वाट होती. ‘5.1’ मधला ‘.1’ तो हाच. ही वाट फक्त 120 हर्ट्झपर्यंतचा आवाज वाहते.

काटकसर करणाऱ्याला यात दोन सोयी आहेत. सबवूफरला एकच काम असते, त्यामुळे त्याच्या ड्रायव्हरला तार स्वरांची नजाकत लागत नाही. दुसरी सोय कानाची : सुमारे 80 हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही. म्हणून एकच पेटी पुरते आणि ती कोपऱ्यातही चालते.

मृदंगाचा रवा आणि ड्रायव्हरचे तीन आकडे

मृदंग वाजवायला बसण्याआधी वादक डाव्या तोंडावर ओल्या रव्याचा गोळा थापतो. आपल्याकडे पखवाजाला कणीक लावतात ती याच कारणाने. पडद्यावर वजन चढले की तो सावकाश कंप पावतो आणि स्वर खाली उतरतो. उजव्या तोंडावरची शाई त्याहून सूक्ष्म काम करते. साध्या ढोलाचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईमुळे ते सुरेल होतात. हे सी. व्ही. रामन यांनी 1920 साली शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’मध्ये मांडले आणि 1934 मध्ये सविस्तर लिहिले. रामन यांचा जन्मही कावेरीकाठचाच, तिरुचिरापल्लीजवळच्या तिरुवानैक्कावलचा.

स्पीकरच्या कोनाला हाच नियम लागू आहे. त्याला वजन आहे, कडेच्या रबराचा आणि आतल्या ‘स्पायडर’ नावाच्या कापडी चकतीचा ताण आहे, आणि या दोहोंतून ठरलेला स्वतःचा स्वर आहे. त्याला एफएस म्हणतात. दुसरा आकडा क्यूटीएस. कोन एकदा हलला की किती लवकर थांबतो हे तो सांगतो. तिसरा व्हीएएस, कोनाचा लवचीकपणा किती लिटर हवेच्या लवचीकपणाइतका आहे, याचे ते माप. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला या आकड्यांवरून पेटीचे माप काढण्याची रीत घालून दिली. त्याआधी पेट्या बऱ्याचशा अंदाजाने बनत. आज विनआयएसडीसारखे मोफत सॉफ्टवेअर हेच गणित क्षणात करते.

म्हणून ड्रायव्हर घेताना दुकानदाराला चुंबकाचे वजन किंवा ‘किती वॉट’ विचारू नका. हे तीन आकडे आणि कोन किती मिलिमीटर हलतो, म्हणजे एक्समॅक्स, एवढे मागा. खोक्यावर छापलेले ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट पूर्णपणे निरर्थक असतात.

कागद नसलेला जुना ड्रायव्हर हाती आला तरी मार्ग आहे. त्याच्याशी मालिकेत एक किलोओहमचा रेझिस्टर जोडा, फोनमधल्या टोन जनरेटरचा आवाज ॲम्प्लिफायरमधून द्या आणि ड्रायव्हरच्या टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. स्वर हळूहळू बदलत गेलात की एका जागी आकडा सर्वांत वर जातो. तो एफएस. मग सराफाच्या काट्यावर तोललेला मातीचा गोळा कोनावर चिकटवा आणि पुन्हा मोजा. स्वर किती उतरला यावरून कोनाचे वजन निघते, आणि त्यातून व्हीएएस.

बंद पेटी की पाइपची पेटी

उघडा ड्रायव्हर वाजवला तर खर्ज ऐकूच येत नाही. कोन पुढे हवा दाबतो तेव्हा मागे तीच विरळ होते आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारतात. मागची लाट अडवणे हे पेटीचे पहिले काम.

ती पूर्ण बंद ठेवली की आतली हवाच स्प्रिंगसारखी वागते. एडगर विल्चर यांनी 1954 साली याच तत्त्वावर एआर-1 हा स्पीकर आणला आणि छोट्या पेटीतून खरा खर्ज काढून दाखवला. दुसरा प्रकार पोर्टचा, म्हणजे पाइप लावलेल्या पेटीचा. बेल प्रयोगशाळेतल्या आल्बर्ट थुरास यांना त्याचे पेटंट 1932 मध्ये मिळाले. यात पाइपमधली हवा ठरावीक स्वराला स्वतःच घुमते आणि मागची वाया जाणारी लाट कामी येते.

एकाच ड्रायव्हरवर दोन्ही तोलून पाहू. समजा एफएस 30 हर्ट्झ, क्यूटीएस 0.40 आणि व्हीएएस 60 लिटर आहे. बंद पेटीत सपाट आवाजासाठी सुमारे 28 लिटर जागा लागते आणि खर्ज 53 हर्ट्झच्या आसपास उतरू लागतो. पोर्टची 60 लिटरची पेटी 30 हर्ट्झला जुळवली तर तोच ड्रायव्हर जवळजवळ 30 हर्ट्झपर्यंत पोहोचतो. जादा खर्च फक्त थोड्या प्लायवूडचा आणि नळकामाच्या पाइपचा. आतून 10 सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घेतला तर त्याची लांबी 37 ते 38 सेंटिमीटर येते.

पेटीचे आतले माप 36 बाय 36 बाय 50 सेंटिमीटर धरा. ते जवळजवळ 65 लिटर भरते. ड्रायव्हर, पाइप आणि आतली आडपट्टी यांनी व्यापलेली जागा वजा केली की 60 च्या जवळपास उरते. पाइप उंचीच्या दिशेने बसवा, म्हणजे आतल्या टोकापुढे 12 सेंटिमीटर मोकळे राहतात. पाइप मुद्दाम दोन-तीन सेंटिमीटर लांब कापा. ऐकून, मोजून मग छाटता येतो. तोकडा झाला तर नवाच आणावा लागतो.

पोर्टची पेटी एक काळजी मागते. जुळवलेल्या स्वराच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो बेफाम हलतो. तिथे त्याखालचे स्वर अडवणारा सबसॉनिक फिल्टर हवाच. तो मिळत नसेल किंवा जागा कमी असेल तर बंद पेटी करा. ती चुका पोटात घालते, आणि संगीतासाठी तिचा ठोका नेटका असतो. तिच्यात उशीतला पॉलिस्टर कापूस सैल भरला की पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते.

लाकूड आणि जोड

मोठ्या कंपन्या एमडीएफ वापरतात, कारण ते जड, एकसारखे आणि कापायला सोपे असते. पण कावेरीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत आणि पावसात उघड्या कडांचे एमडीएफ ओल पिऊन फुगते. इथे काय किंवा कोकणात काय, 18 मिलिमीटरचे चांगले प्लायवूड बरे. वर सांगितलेली पेटी, समोरची फळी दुहेरी धरूनही, आठ बाय चार फुटी तक्त्याच्या साधारण निम्म्यात बसते. सुताराकडे दुसऱ्या कामातले उरलेले तुकडे असतात. ते मागायला लाजू नये. मधोमध एक आडपट्टी बसवा. फळ्या थरथरल्या तर कोनाची मेहनत त्यांनाच हलवण्यात जाते.

प्रत्येक जोडाला फेव्हिकॉल आणि स्क्रू, आतून सिलिकॉन, ड्रायव्हरच्या कडेला फोमची पट्टी. मग कोन हाताने अलगद दाबून बघा. बंद पेटीत तो सावकाश परत आला तर जोड घट्ट आहेत. झटकन आला तर हवा कुठूनतरी निसटते आहे.

ॲम्प्लिफायर

चेन्नईची रिची स्ट्रीट, मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली या बाजारांत तयार बोर्ड मिळतात. टीपीए 3116 चिपचा क्लास डी बोर्ड लहान असतो, फार तापत नाही आणि 24 व्होल्टच्या पुरवठ्यावर 4 ओहमच्या ड्रायव्हरला सुमारे 50 वॉट देतो. जास्त ताकद हवी असेल तर मेकॅनिकांच्या ओळखीचा 5200-1943 ट्रान्झिस्टरचा बोर्ड आहे. त्याला ट्रान्सफॉर्मर आणि मोठा हीटसिंक लागतो. पण वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. म्हणून वॉट वाढवण्याआधी पेटी नीट करा.

बोर्डवर 80 हर्ट्झच्या आसपास ठेवता येणारा लो-पास फिल्टर पाहून घ्या. विजेच्या बाजूला फ्यूज आणि अर्थिंग यांत काटकसर करू नका. 230 व्होल्टची जोडणी जाणकाराकडूनच करून घ्या.

खोली हाही एक भाग आहे

40 हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरहून अधिक असते, म्हणजे ती बहुतेक खोल्यांपेक्षा मोठी. त्यामुळे खोली स्वतःच वाजू लागते. पाच मीटर लांबीची खोली सुमारे 35 हर्ट्झला घुमते. एका जागी खर्ज दुप्पट वाटतो, दुसऱ्या जागी गायब होतो. कुंभकोणमच्या जुन्या अग्रहारातली घरे अरुंद, लांबलचक आणि मधे उघड्या चौकाची. चौकात उघडणाऱ्या दालनातून खर्ज वाहून जातो. दारे लावता येणारी आतली खोली त्यासाठी चांगली. शेजारच्या घराशी भिंत सामाईक असते, म्हणून पेटी त्या भिंतीपासून दूर ठेवा, खाली जाड रबर घाला आणि रात्री आवाज उतरवा.

जागा शोधायची रीत फुकटची आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचे एखादे संगीत लावा आणि खोलीच्या कडेने रांगत ऐका. जिथे खर्ज सारखा आणि स्पष्ट वाटेल, तिथे पेटी न्या. साधा मापनाचा मायक्रोफोन असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आलेख काढून देते. फोनच्या माइकवर खर्जासाठी विसंबू नका.

पैसे कुठे घालावे

बजेटचा मोठा वाटा ड्रायव्हरवर, त्याखालोखाल ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यावर. रंग, जाळी आणि दिवे शेवटी. घरात जुना होम थिएटर पडून असेल तर त्याचा ॲम्प्लिफायर आधी तपासा. ‘कोन’ बदलून देणारा मेकॅनिक बहुतेक तालुक्यांच्या गावी असतो. जळालेल्या व्हॉइस कॉइलचा चांगला ड्रायव्हर त्याच्याकडून पुन्हा उभा राहतो, मात्र नंतर त्याचे आकडे नव्याने मोजावेत.

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या शाळकरी मुलांना या कामात घ्या. स्प्रिंग, वस्तुमान, अनुनाद आणि तरंगलांबी हे धडे त्यांच्या पुस्तकात आहेतच. इथे ते हाताला लागतात. ड्रायव्हर विकत घेण्याआधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसा, तीन आकडे मिळवा आणि पेटीचे लिटर काढा. हे ज्याने केले त्याचा स्वस्तातला सबवूफरही उत्तम वाजतो. ज्याने टाळले त्याचा महागातलाही नुसता ढबढबतो.