यकृताचे वाढलेले आंकडे

रक्ततपासणींत एएलटी व एएसटी या यकृतांतील वितंचकांचे आंकडे वाढलेले दिसले, कीं घरांत धास्ती पसरते. वस्तुतः यकृताच्या पेशींस इजा झाली म्हणजे हीं द्रव्यें रक्तांत पाझरतात; त्यांवरून इजेचा सुगावा लागतो, यकृताचें सामर्थ्य कळत नाहीं. तें आल्ब्युमिन, बिलिरुबिन व रक्त गोठण्यास लागणारा काळ यांवरून अजमावितात. एएसटी तर स्नायूंतहि असतें. कठोर व्यायामानेंहि तें वाढतें.

अशा वेळीं डॉक्टर औषधें व मद्य यांविषयीं विचारतात. काढ्याविषयीं मात्र आपलीं घरें मौन धरितात. गुळवेलीस संस्कृतांत 'अमृता' म्हणतात खरें. तथापि तिच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं नोंदविले. तपासणीचा कागद दाखवितांना काढ्याची पुडीहि बरोबर न्यावी, असें आम्ही वडीलधाऱ्या मंडळींस सुचवितों.