डब्यावरचे इंग्रजी

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, हडसन नदीच्या पश्चिम काठावर जर्सी सिटी हे शहर वसलेले आहे. नदीपलीकडे न्यूयॉर्कमधील मॅनहॅटनच्या उंच इमारती दिसतात. या शहरातील जर्नल स्क्वेअर रेल्वे स्थानकापासून थोडे चालले, की न्यूअर्क अव्हेन्यू या रस्त्यावर भारतीय दुकानांची रांगच लागते. तूरडाळ, पोहे, गूळ, कढीपत्ता सारे काही तेथे मिळते. या भागाला ‘इंडिया स्क्वेअर’ असे नावच पडले आहे. तेथे मराठी माणसाचे फारसे अडत नाही. अडते ते त्या रस्त्याबाहेरच्या अमेरिकन दुकानात.

समजा, तुमची आजी साताऱ्याहून या शहरात तुमच्या काकांकडे राहायला गेली आहे. शाळेत शिकलेले इंग्रजी तिला बऱ्यापैकी आठवते. पण दुकानात तिने ‘ब्रिंजल’ मागितले, तर दुकानदार तिच्याकडे पाहतच राहील. हा शब्द पोर्तुगिजांमुळे भारतातील इंग्रजीत रुजला. अमेरिकेत वांग्याला ‘एगप्लांट’ म्हणतात. तेथे भेंडी ‘लेडीज फिंगर’ नसते, ‘ओक्रा’ असते. भोपळी मिरचीला ‘बेल पेपर’ म्हणतात, तर कोथिंबिरीला ‘सिलँट्रो’ हे स्पॅनिश भाषेतून आलेले नाव आहे. म्हणजे आजीचे इंग्रजी चुकीचे नाही, ते केवळ दुसऱ्या गावचे आहे.

शब्द पाठ करता येतात. व्याकरण मात्र अधिक चकवते. आपण मराठीत ‘तांदूळ निवडले’, ‘पोहे भिजवले’ असे अनेकवचनात बोलतो. पण ‘भात शिजला’, ‘डाळ शिजली’ असे एकवचनात म्हणतो. दाणे सुटे दिसले की अनेकवचन, शिजून एकजीव झाले की एकवचन, असा काहीसा आपला हिशेब असावा. इंग्रजीत तांदूळ आणि भात या दोहोंना ‘राइस’ हा एकच शब्द आहे आणि तो न मोजता येणाऱ्या पदार्थांत धरला जातो. म्हणून ‘राइस इज’ म्हणायचे, ‘राइस आर’ नाही. अंडी मोजता येतात, म्हणून ‘हाउ मेनी एग्ज’. दूध मोजता येत नाही, म्हणून ‘हाउ मच मिल्क’. मात्र इंग्रजीचे सगळेच तर्काला धरून असते, असे समजू नका. गव्हाला ‘व्हीट इज’ आणि ओटला ‘ओट्स आर’ म्हणतात, दोन्ही धान्येच असूनही! येथे नियम शोधत बसण्यापेक्षा कानाला सवय लावलेली बरी.

आता जरा गंभीर गोष्ट पाहू. आजीने काकडीची कोशिंबीर केली आणि त्यात सवयीने शेंगदाण्याचे कूट घातले. नातवाचा एक मित्र जेवायला आला आहे. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. अशा मुलाच्या पोटात थोडे जरी कूट गेले, तरी त्याचा घसा सुजू शकतो, श्वास कोंडू शकतो, प्रसंगी जिवावरही बेतते. त्याने विचारले, “एनी पीनट्स?” शाळेत आजी ‘ग्राउंडनट’ हा शब्द शिकलेली. ‘पीनट’ म्हणजे वाटाण्याचा काही प्रकार असेल, असे समजून तिने “नो” म्हटले तर? एका शब्दाच्या अज्ञानाची ही किंमत फार मोठी आहे.

अमेरिकेत 2004 साली झालेल्या कायद्यानुसार, 2006 पासून डबाबंद खाद्यपदार्थांवर प्रमुख आठ ॲलर्जीकारक पदार्थांची नावे स्पष्ट छापावी लागतात. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे इत्यादी त्यांत येतात. 1 जानेवारी 2023 पासून तीळ हा नववा पदार्थ या यादीत आला. तेव्हा संक्रांतीच्या तिळगुळाचाही यात विचार करायला हवा.

डब्यावर ‘कंटेन्स पीनट्स’ असे छापलेले असते, किंवा ‘मे कंटेन पीनट्स’ असे. पहिल्याचा अर्थ, यात शेंगदाणे आहेतच. दुसऱ्याचा अर्थ, असू शकतील; म्हणजे त्याच यंत्रावर शेंगदाण्याचा दुसरा पदार्थ झाला असेल आणि त्याचा अंश यात उतरला असेल. ‘मे’ आले की क्रियापदाचा शेवटचा ‘एस’ गळतो, हा व्याकरणाचा नियम येथे डोळ्यांनी दिसतो. प्रश्न विचारतानाही तसेच होते. ‘डझ धिस कंटेन पीनट्स?’ यात तो ‘एस’ क्रियापदाला सोडून ‘डू’ला जाऊन चिकटतो. दुसऱ्या प्रकारची सूचना छापण्याची कायद्याने सक्ती नाही. त्यामुळे ती डब्यावर नसली, तरी अंश नसेलच याची खात्री नसते.

आजोबांना मधुमेह असेल, तर साखरेच्या ओळीही नीट वाचायला हव्यात. ‘नो शुगर ॲडेड’ याचा अर्थ वरून साखर घातलेली नाही, एवढाच. फळांच्या रसातील मूळची साखर त्यात असतेच. शिवाय डब्यावरचे आकडे बहुधा ‘पर सर्व्हिंग’, म्हणजे एका वाढपाचे असतात. डब्यात चार वाढपे असतील आणि आजोबांनी तो सगळा संपवला, तर आकड्याला चाराने गुणावे लागेल. सुमारे 4 ग्रॅम साखर म्हणजे एक छोटा चमचा, हे लक्षात ठेवले की हिशेब सोपा होतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर विचारतात, “डू यू एक्सरसाइज?” आपल्याला हा शब्द पुस्तकातील स्वाध्यायावरून ठाऊक असतो, येथे त्याचा अर्थ व्यायाम. आजोबांनी “आय ॲम वॉकिंग” असे उत्तर दिले, तर त्याचा अर्थ ‘मी आत्ता चालतो आहे’ असा होतो, आणि ते तर खुर्चीत बसलेले! रोजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळ हवा: “आय वॉक एव्हरी डे.” जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास भरभर चालणे. जर्सी सिटीत त्यासाठी जागेची वाण नाही. 1976 साली खुल्या झालेल्या लिबर्टी स्टेट पार्कमध्ये नदीकाठाने चालताना समोर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो.

मग आजोबा वजनकाट्यावर उभे राहतात आणि काटा 132 दाखवतो. त्यांनी घाबरू नये. ते पाउंड आहेत. किलोत मोजले, तर सुमारे साठच.