गुणपत्रिका वाचावी कशी?

इंटरमीडिएटचा निकाल लागला म्हणजे काही दिवस आपल्या पेढ्यांवर दुसरा विषय निघत नाही. कोणाच्या चिरंजीवास किती गुण पडले, कोणाची कन्या मागे राहिली, याची चर्चा बाजारभावाइतक्याच सहजतेने चालते. हे गुण ठरतात कसे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. धान्याच्या व्यवहारात आपण इतके भोळे नसतो. पोत्यास परखी लावून वानगी पाहतो आणि वजनाविषयी शंका आली की पोते पुन्हा काट्यावर चढवितो.

१८ एप्रिल २०१९ रोजी तेलंगणात इंटरमीडिएटचा निकाल जाहीर झाला आणि ३ लाखांहून अधिक विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरले. मंचेरियाल जिल्हा २०१६ पर्यंत आपल्या आदिलाबादेतच होता. तेथील एका विद्यार्थिनीस तेलुगू विषयात शून्य गुण दाखविले गेले. उत्तरपत्रिका पुन्हा पाहता गुण निघाले ९९! परीक्षकाने ओएमआर पत्रकावर नवांऐवजी शून्यांची वर्तुळे भरली होती आणि पडताळणाऱ्याच्याही नजरेतून ती चूक सुटली. मुलीचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

त्या निकालानंतर वीसहून अधिक मुलांनी जीव दिल्याच्या वार्ता आल्या. शासनाने सर्व अनुत्तीर्णांच्या उत्तरपत्रिकांची विनाशुल्क फेरपडताळणी करविली, तेव्हा हजाराहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण निघाले. तीन लाखांत हजार म्हणजे अल्पच, असे कोणी म्हणेल. ज्या घरात ती चूक शिरली, त्या घरास हा हिशेब कोणत्या तोंडाने सांगावा?

यंत्र व हात अचूक चालले तरी दीर्घ उत्तरास दोन परीक्षक नेमके सारखेच गुण देतील, असे नाही. ३५ वर उत्तीर्ण आणि ३४ वर अनुत्तीर्ण ही रेषा कारभारासाठी कोठे तरी आखावीच लागते. त्या एका गुणाने दोन मुलांच्या बुद्धीत अंतर पडत नाही.

म्हणून निकाल अनपेक्षित वाटल्यास मुलास बोल लावण्याआधी मुदतीत मंडळाकडे अर्ज करावा. पुनर्मोजणीत केवळ गुणांची बेरीज तपासतात. फेरपडताळणीत एखादे उत्तर तपासावयाचे राहिले काय, हेही पाहतात आणि उत्तरपत्रिकेची प्रत हाती मिळते. ती मुलाजवळ बसून वाचावी. खरोखरच अनुत्तीर्ण असेल, तर पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यात असते.

अलीकडे जेईई मेनमुळे ‘पर्सेंटाईल’ हा शब्दही घरोघरी आला आहे आणि त्याने पुष्कळ घोटाळा केला आहे. ९० पर्सेंटाईल म्हणजे शंभरांत नव्वद गुण नव्हेत. त्या सत्रास बसलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी त्या मुलाच्या बरोबरीस किंवा मागे आहेत, इतकाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते, म्हणून ही तुलना करावी लागते. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाचे पर्सेंटाईल आणि आपल्या मुलाचे इंटरमीडिएटचे टक्के समोरासमोर ठेवणे म्हणजे लिटर आणि किलो एकाच बेरजेत मांडणे होय.