शेक, त्वचादाह आणि वैद्याचे कर्तव्य

काही वर्षांपूर्वी रिसोड तालुक्यातील एक शेतकरी भगिनी माझ्या दवाखान्यात आल्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली होती व परजिल्ह्यात किरणोपचार, म्हणजे आपल्याकडील भाषेत ‘शेक’, सुरू होता. पंचवीसपैकी सतरा शेक झाल्यावर काखेतील त्वचा सोलली, स्राव येऊ लागला आणि त्या घरी परतल्या. गावात कोणीतरी हळद-चुन्याचा जाड लेप लावून दिला होता. तो मी धुवून काढला, शतधौत घृत दिले. आठ-दहा दिवसांत दाह शमला. कुटुंबीय संतुष्ट झाले, मीही झालो. उरलेले आठ शेक कधी घेणार, हे मात्र मी विचारलेच नाही. त्या परत गेल्या नाहीत. दीड वर्षाने त्याच जागी गाठ घेऊन आल्या.

ही चूक माझी होती, म्हणून हा लेख.

किरणांचा परिणाम त्वचेच्या तळथरातील सतत विभागणाऱ्या पेशींवर होतो. वरचा थर नेहमीप्रमाणे झिजतो, पण खालून नवा येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली, सावळ्या त्वचेवर काळसरपणा व खाज, पुढे कोंड्यासारखे पापुद्रे आणि काख, स्तनाखालची घडी, मान अशा ठिकाणी स्रावी व्रण. शेक संपल्यावरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, हे रुग्णास आधी सांगितले नाही तर तो घाबरतो. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे दग्धाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांच्याशी तुलना करण्याचा मोह होतो. तथापि हा दाह एका क्षणाचा नसून दिवसागणिक साचत जाणारा आहे, हा भेद विसरू नये.

शेकात खंड पडणे महागात पडते. मुख व घशाच्या कर्करोगात उपचार लांबल्यास प्रत्येक जादा दिवसामागे रोगनियंत्रण साधारण एक टक्क्याने घटते, असे मानले जाते. आपल्या जिल्ह्यात तंबाखू व खर्रा किती चघळला जातो, हे वैद्यबंधूंना सांगायला नको.

आता हळदीविषयी, कारण औषधी दुकानदारांना हाच प्रश्न विचारला जातो. मंगळूर येथे शिरोग्रीवा कर्करोगाच्या ५० रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विको टर्मरिक क्रीम लावणाऱ्यांची त्वचा बेबी ऑईल लावणाऱ्यांपेक्षा कमी बिघडली. अभ्यास लहान आहे, पण आशादायक. पोटातून दिलेल्या कर्क्युमिनची कथा निराळी. अमेरिकेत २०१३ मध्ये ३० स्त्रियांच्या चाचणीत रोज ६ ग्रॅम मात्रेने लाभ दिसला; २०१८ मध्ये ६८६ रुग्णांच्या चाचणीत तो दिसला नाही. म्हणून कॅप्सूल विकताना ‘शेकाचा त्रास होणार नाही’ असे आश्वासन कोणी देऊ नये. भस्मयुक्त वा जाड लेप शेकाच्या जागी अजिबात नको. त्याने त्वचेवरील मात्रा वाढू शकते. शेकासाठी काढलेल्या खुणाही पुसू नयेत.

त्वचा अखंड असेतो, केंद्रातील डॉक्टरांना कळवून, मी शतधौत घृताचा पातळ थर शेक झाल्यानंतर लावावयास सांगतो. स्राव सुरू झाल्यावर घृतही थांबवतो. ती जखम किरणोपचार केंद्रानेच पाहावी. ताप किंवा दुर्गंधी असल्यास त्याच दिवशी पाठवतो.

जीवनमान हा शब्द मोठा वाटतो, पण रुग्णास भेडसावतात त्या साध्या गोष्टी. ब्लाउज घालता येत नाही, हात वर करून वेणी घालता येत नाही, कुशीवर झोप नाही. सैल सुती सदरा, साधे पाणी, उन्हापासून आडोसा, एवढ्याने बराच फरक पडतो. त्याहून मोठे दुःख घरातले. ‘किरण लागतील’ या भीतीने एका आजोबांची थाळी वेगळी ठेवलेली मी पाहिली आहे, नातवाला जवळ येऊ देत नव्हते. बाहेरून यंत्राने दिलेला शेक संपताच अंगात काही किरण उरत नाहीत, हे सुनेला समजावण्यास मला पाच मिनिटे लागली. त्या पाच मिनिटांसाठी कोणतेही औषध लागले नाही.

हल्ली अशा रुग्णाच्या केसपेपरवर नाडी लिहिण्याआधी मी पुढील शेकाची तारीख लिहितो. तारीख नसेल तर त्यांच्यासमोरच केंद्राला दूरध्वनी करतो.